रऊफ सर, आधी तुमची बाजू

रऊफ सर,

तुमच्यासाठी कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्यांनी तुमची जन्मतारीख, नेमणुकीची तारीख आणि निवृत्तीची तारीख वाचून दाखवली. तिन्ही बरोबर होत्या. मग मला बोलायला सांगितलं. मी उठले, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. अठ्ठावीस वर्षं तुमच्याशी भांडलेली बाई दोन वाक्यांत आटोपली याचं सगळ्यांना नवल वाटलं. नंतर दोघीतिघींनी येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, मला हुंदका आवरला नाही. हुंदका वगैरे काही नव्हतं, सर. शेवटच्या भेटीत मी तुम्हाला जे बोलले होते ते घशाशी आलं होतं, आणि ते माइकवरून सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणून हे लिहिते आहे. तुमचं चाळिसावं व्हायला अजून दिवस आहेत, तोवर लिहून होईल.

आपली ओळखच भांडणानं झाली. मी रिसोडला राज्यशास्त्र शिकवायला नुकतीच रुजू झाले होते, तुम्ही समाजशास्त्राला माझ्याहून दोन वर्षं जुने. या दोन विषयांना मिळून जेमतेम एक वर्ग भरायचा. म्हणून शेवटच्या वर्षाचा विचारवंतांचा पेपर दोघांनी एकत्र शिकवावा असं ठरलं. तीन विचारवंत माझे, तीन तुमचे. पहिल्याच दिवशी तुम्ही मला गाठलंत. "बाई, तुमचे लोक म्हणतात का आधी सुटी सुटी माणसं होती, मंग त्याईनं बसून करार केला अन् समाज बनवला. हा करार कोन्या भाषेत केला म्हणे? समाज नसताना भाषा आली कुठून?" मीही काही ऐकून घेणारी नव्हते. म्हटलं, "आणि तुमचे लोक म्हणतात की सगळं समाजच घडवतो. मग चोरी झाल्यावर माणसाला कशाला आत टाकता? समाजाला टाका." तुम्ही मोठ्यानं हसलात आणि दोन चहा सांगितलेत. त्या दिवसापासून स्टाफरूममधलं खिडकीजवळचं टेबल आपलं झालं.

त्या सहा गोऱ्या साहेबांची नावं मुलांच्या जिभेवर बसत नव्हती. मेडशीहून, किन्हीराजाहून एसटीनं येणारी मुलं ती नावं फळ्यावर पाहूनच खचायची. टोपणनावांची युक्ती तुमची. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगून ठेवते, तुम्ही तेवढं ओलांडून पुढे जा.

माझ्यातले पहिले कुलूपवाले. डोक्यावर खमका राजा नसेल तर माणसं एकमेकांना जगू देणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. "घरी कुलूप लावता ना? मंग तुमीबी त्याईच्याच पार्टीचे," असं तुम्ही मुलांना सांगायचात. दुसरे धुरेवाले. धुरा म्हणजे आमच्याकडे वावराचा बांध. ज्यानं जमिनीत घाम गाळला त्याची ती जमीन, आणि त्याच्या संमतीवाचून राजानंही तिला हात लावू नये, हे या धुरेवाल्यांचं. तिसऱ्यांचं नेमकं उलटं. ज्या माणसानं पहिल्यांदा मोकळ्या जमिनीला काट्यांचं कुंपण घातलं आणि हे माझं म्हणाला, तिथूनच पीडा सुरू झाली. आता निदान सगळ्यांनी मिळून जे सगळ्यांच्या भल्याचं ठरवलं ते तरी प्रत्येकानं मानावं. ते काट्यावाले.

तुमच्याकडे मोठी दाढी. दाढ्या तुमच्या तिघांनाही होत्या, पण या गृहस्थांची पाहण्यासारखी. सगळ्या इतिहासाला मालक आणि मजूर यांच्या भांडणात बसवणारे ते हेच. मग शिक्केवाले, जे म्हणायचे की राज्य आता माणसाचं राहिलं नाही, नियमाचं आणि कागदाचं झालं. शिवाय माणूस नुसता पोटासाठी राबत नाही, डोक्यातल्या देवासाठीही राबतो. आणि जत्रावाले, ज्यांना जत्रेत आणि उरुसात समाज स्वतःलाच हात जोडून उभा असलेला दिसायचा. दुसऱ्या पेपरातल्या, आपल्या देशातल्या विचारवंतांना मात्र कुणी टोपणनाव दिलं नाही. ती नावं मुलं घरूनच घेऊन यायची.

या युक्तीनं एकदा आपली चांगलीच फजिती केली. एका वर्षी अख्ख्या वर्गानं परीक्षेत "शिक्केवाल्यांच्या मते" आणि "येथे मोठी दाढी असे म्हणते की" असं पानंच्या पानं लिहून ठेवलं. पेपर तपासणाऱ्याला बिचाऱ्याला काय कळणार? वर्गातली निम्मी मुलं नापास झाली. प्राचार्यांनी आपल्याला समोर उभं केलं. तुम्ही म्हणालात, "साहेब, उत्तर वाचून पाहा. नाव सोडून काय चुकलं ते सांगा." ते म्हणाले, "रऊफ सर, नावच चुकलं." बाहेर आल्यावर व्हरांड्यात तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "पाह्यलं बाई? शिक्केवाले खरे निघाले." मला रडू येत होतं आणि तुम्हाला विनोद सुचत होता. त्या मुलांना तुम्ही सुटीत घरी बोलावून पुन्हा तयारी करून घेतलीत, आणि पुढच्या वर्षीपासून परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात टोपणनावांना वर्गात बंदी आली.

विचारवंतांची तुलना कशी करायची हे मला पुस्तकांनी शिकवलं होतं. जन्म, काळ, ग्रंथ, साम्य, भेद, समारोप. तुम्ही हे सगळं बाजूला सारलंत. तुम्ही मुलांना सांगायचात, "विचारवंत समजून घ्यायचा असन त त्याले भेव कायचं वाटते ते हुडका." कुलूपवाल्यांना भीती शेजाऱ्याची, धुरेवाल्यांना राजाची. काट्यावाल्यांना भीती ही, की माणूस दुसऱ्याच्या नजरेत मोठं दिसायच्या नादात आपलं सुख घालवून बसेल. मोठ्या दाढीला मालकाची. शिक्केवाल्यांना अशा कचेरीची, जिथे सगळे नियमानं वागतात आणि माणूस कुठे सापडत नाही. जत्रावाल्यांना माणूस एकटा पडण्याची. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे मला एमएला कुणी का सांगितलं नाही? तेवढ्यात एका मुलानं विचारलं, "सर, तुमाले कायचं भेव वाटते?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. वर्ग पाच मिनिटं हसत होता.

नियमही तुमचाच. वर्षाच्या शेवटी आपण वर्गात पंचायत भरवायचो. कुठल्या तरी गावातलं खरं भांडण घ्यायचं, विहिरीचं, देवळासमोरच्या जागेचं, लग्नातल्या डीजेचं, आणि सहा मुलांनी सहा विचारवंत होऊन ते सोडवायचं. अट अशी की ज्याला जो विचारवंत पटत नाही त्यानं त्याचीच बाजू घ्यायची. आणि आपलं मत सांगण्याआधी समोरच्याची बाजू अशी मांडायची की त्यानं मान हलवली पाहिजे. "त्यानं मान हलवल्याबिगर आपलं तोंड उघडायचं नाही," हे तुम्ही वर्गात इतक्यांदा म्हणालात की मुलं तुमच्या मागे कोरसमध्ये म्हणायची. आपल्यालाही सूट नव्हती. मला दरवर्षी मोठी दाढी व्हावं लागायचं आणि तुम्ही धुरेवाले व्हायचात. तुमच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान, तेही भाड्याचं. "आमच्या सात पिढ्यांत कोनाच्या नावाचा सातबारा नाही. म्हणून धुरेवाल्याईची वकिली मलेच जमते," असं म्हणून तुम्ही कोट झटकायचात. नसलेला कोट.

किन्हीराजाची सुनीता आठवते? तिच्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या वावरात मजुरी केली होती. मी धुरेवाले शिकवत होते आणि ती उभी राहिली. "मॅडम, माह्या आज्यानं चाळीस वर्षं पाटलाच्या वावरात घाम गाळला. घाम ज्याचा त्याचं वावर, त मंग ते आमचं काहून नाही?" मी पुस्तकी उत्तर दिलं की मजूर आपला घाम मालकाला विकतो, म्हणून त्याचं फळ मालकाचं. ती म्हणाली, "विकला नाही जी. गरज होती." तुम्हाला तर ही आयती संधी होती, मोठी दाढी पुढे करून माझे धुरेवाले तुम्ही तिथल्या तिथे आडवे करू शकला असतात. तुम्ही उठून माझ्याच बाजूनं बोललात. "सुनीता, धुरेवाल्यानं हत्यार चांगलं बनवलं अन् अर्धंच वापरलं. म्हणून ते फेकून नको देऊ. तुह्या आज्यासाठी बोलायचं असन त तेच हत्यार कामी येते." सुनीता आता वकील आहे. ते वाक्य मी पुढे कित्येक वर्षं वर्गात माझं म्हणून वापरलं, सर. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही एकदाही चारचौघांत बोलला नाहीत. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते.

आता माझ्या वावराकडे येते.

मेडशीला वडिलांचं चार एकर. मला भाऊ नाही. वडील गेले तेव्हा चुलतभावांनी धरूनच चाललं की कुंदाचं लग्न झालं, तिला नोकरी आहे, ती सही करून मोकळी होईल. मी सही केली नाही. सातबाऱ्यावर माझं नाव चढायला साडेतीन वर्षं लागली. त्या साडेतीन वर्षांत तुम्ही कितीदा माझ्यासोबत तहसिलीच्या बाकड्यावर बसलात याची मोजदाद नाही. मी कंटाळले की तुम्ही कानाशी येऊन म्हणायचात, "बसा बाई, शिक्केवाल्याच्या देवळात आलो, दर्शनाले वेळ लागते." नाव चढलं त्या दिवशी पेढे तुम्ही आणलेत. एवढं सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी ते वाक्य बोलले.

झालं असं की यंदा दिवाळीनंतर गावात पांदण रस्त्याचं, म्हणजे वावरांत जाणाऱ्या वाटेचं, निघालं. माझ्या वावरामागे अकरा वावरं आहेत आणि तिथे जायला धड वाट नाही. पावसाळ्यात बैलगाडी रुतते, मळणीयंत्र आत जात नाही, सोंगलेलं सोयाबीन गंजीतच भिजतं. रस्ता काढायचा तर माझ्या धुऱ्याला लागून आठ फूट पट्टी लागणार होती. मी एका रविवारी वावरात गेले तर तुरीत चुन्याची रेघ आणि खुंट्या ठोकलेल्या. संध्याकाळी सरपंचांचा फोन आला. "ताई, तुमचं त काही म्हणणं नसनच." त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं. साडेतीन वर्षं मी ज्याच्याशी झगडले तेच पुन्हा समोर येऊन उभं राहिलं होतं, फक्त या वेळी त्याचं नाव गावाचं भलं असं होतं. तुमच्या पद्धतीनं विचाराल तर माझी भीती ही आहे, सर. मला गृहीत धरलं जाण्याची. मी सांगितलं, एक फूटही मिळणार नाही.

निवृत्तीनंतरही तुम्ही बाजाराच्या दिवशी कॉलेजसमोरच्या टपरीवर यायचात. जानेवारीच्या सुरुवातीला आलात तेव्हा तुमच्या कानावर सगळं गेलेलं होतं. बसायच्या आधीच म्हणालात, "बाई, रस्ता देऊन टाका."

"आधी खुंट्या ठोकायच्या आणि मग विचारायचं? ही कुठली रीत?"

"रीत वाईट आहे. रस्ता वाईट नाही. खुंट्या उपटा, रस्ता द्या."

"माझी संमती नाही. संपलं."

"संमती संमती करून तुमीच काट्यांचं कुंपण घालून राह्यल्या." मग तुम्ही हसून हात वर केलात. "थांबा, आपण दोघंबी नियम मोडून राह्यलो. आधी माही बाजू सांगा. मी मान हलवतो, मंग तुमी बोला."

मी तुमची बाजू सांगितली नाही. मी म्हणाले, "सर, ज्याच्याजवळ धुराच नाही त्यानं धुऱ्याबद्दल बोलू नये."

टपरीवर आणखी दोन माणसं होती, तीही आपल्याकडे पाहायला लागली. तुम्ही चष्मा काढून रुमालानं पुसलात, परत लावलात आणि म्हणालात, "बरोबर आहे." मग उठून घराकडे निघालात. मी हाक मारली नाही. आपलं भांडण एका आठवड्यापेक्षा जास्त टिकलेलं मला आठवत नव्हतं, तेव्हा पुढच्या बाजाराला पाहू असं मनात होतं. पुढच्या बाजाराला तुम्ही आला नाहीत. त्यानंतर दोनच दिवसांनी फोन आला, की पहाटे फजरची नमाज झाली, पाणी मागितलंत आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तुमच्या घरी मी बायकांत बसले. नसीमभाभींचा हात धरून दुपारपर्यंत बसले, आणि जे विचारायचं होतं ते विचारता आलं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मेडशीची ग्रामसभा होती. विषय पांदण रस्ता. मी गेले. चुलतभाऊ पुढच्याच रांगेत होते, मागच्या अकरा वावरांची माणसं एकत्र बसली होती, आणि मी आता भांडणार या तयारीनं सगळे सावरून बसले. मी म्हटलं, "मी दोन बाजू मांडणार आहे. पहिली माझी नाही. माझे एक सहकारी होते, त्यांची आहे. परवाच ते गेले."

तुमची बाजू मांडायला मी मोठ्या दाढीपासून सुरुवात केली नाही, सर. ते तुमच्या हातातलं नेहमीचं अस्त्र, आणि गावात अर्धे लोक स्वतःच मालक आहेत. मी जत्रावाल्यांना घेतलं. विचारलं, की गावाला गाव कशानं म्हणता? घरांनी? घरं ज्याची त्याची. वावरांनी? तीही ज्याची त्याची. जे एकट्या कुणाचंच नाही, पार, हातपंप, रस्ता, तेवढंच गाव असतं, बाकी नुसती शेजारी शेजारी राहणारी माणसं. मग माझ्या काट्यावाल्यांना तुमच्या गोटात ओढलं, तुम्ही ओढलं असतं तसंच. ज्या रस्त्यानं माझं दोन पोत्यांचं नुकसान होतं आणि अकरा घरांचं पीक बाहेर येतं, त्याला नाही म्हणताना मी शेतकरी म्हणून नाही म्हणते की रुसून नाही म्हणते, हे मला तपासलं पाहिजे. धुरेवाल्यांनासुद्धा मी तुमच्या बाजूला उभं केलं. घाम गाळून मिळवलेली जमीन आपली खरी, पण त्यांचीच पुढची अट आहे की दुसऱ्यांनाही पुरेसं आणि चांगलं उरलं पाहिजे. मागच्यांना वाटच उरली नसेल तर माझा हक्क त्यांच्याच पुस्तकात लंगडा पडतो. हा मुद्दा तुम्हाला सुचला असता का, मला शंका आहे. मला वाटतं, मी तुमची बाजू तुमच्यापेक्षा बरी मांडली.

किसनकाका म्हणून एक म्हातारे आहेत, त्यांचं सगळ्यात मागचं वावर. ते म्हणाले, "हे मास्तर आपल्या गावचे होते का?"

"नाही. रिसोडचे. गादीवाल्यांचे."

"जमीन होती त्याईले?"

"नाही."

"मंग आमच्या रस्त्याचं त्याईले कायचं पडलं होतं?"

ज्यांच्यासाठी तुम्ही माझ्याशी भांडलात त्यांच्याच तोंडून माझं वाक्य आलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "काका, मीही त्यांना हेच म्हणाले होते. त्यानंतर आमची भेट झाली नाही." किसनकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग मी माझीही बाजू मांडली, सर. ती गिळली असती तर तुम्हाला आवडलं नसतं. म्हटलं, चुन्याची रेघ आधी आणि फोन नंतर, हे माझ्या चुलतभावाच्या वावरात झालं असतं का? बाईचं काही म्हणणं नसेलच, हे कुणी ठरवलं? सरपंच उठले. भाषण केलं नाही. "चुकलं, ताई," म्हणाले, आणि वर सांगितलं की खुंट्या मी माह्या हातानं काढतो, मंग तुमी सांगान तिथून रेघ मारू. मी म्हटलं, तूर निघाली की कामाला लागा. संमतीपत्रावर पूर्ण नाव लिहून सही केली, आठ फूट, सबंध लांबीला. रस्ता मी दिला. तो माझ्याकडून कुणी घेतला नाही. या फरकावरून मी तुमच्याशी आणखी दहा वर्षं भांडायला तयार आहे.

तीन दिवसांनी नसीमभाभींकडे गेले. थोडी मिरवतच गेले, खरं सांगते. आत पलंगाशी त्या लसूण सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "भाभी, सरांचं ऐकलं मी. रस्ता देऊन आले."

त्यांनी हातातला लसूण खाली ठेवला. "काहून देल्ला?"

मला वाटलं, नीट ऐकू आलं नसेल. पुन्हा सांगितलं.

"समजलं मले. पण काहून देल्ला? खुंट्या ठोकून मंग विचारतात, अन् तुमी सही करून आल्या? आज तुमच्या वावरात ठोकल्या, उद्या कोन्या विधवेच्या वावरात ठोकतीन. तिच्याजवळ ना नोकरी, ना बोलायची हिंमत. तुमी अडून बसल्या असत्या त पुढच्या बाईले कोनीतरी आधी विचारलं असतं."

माझेच मुद्दे होते. आणि विधवेचा मुद्दा तर मलाही सुचलेला नव्हता. विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगन? तुमच्याशी भांडून आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरात हेच चालू होतं. मी भाजी निवडत बसो अन् हे समोर उभे राहून तुमची बाजू सांगत. म्या मान हलवली नाही त पुन्हा पयलेपासून. शेवटी मले पटलं. म्हटलं, बरोबर आहे बाईचं, देऊ नये."

"म्हणजे त्यांचंही मत बदललं होतं?"

"ते नाही सांगतलं. म्हणे, आधी बाईची बाजू पक्की होऊ दे, मंग माही सांगतो. त्याईची सांगायची राह्यली."

मग मी विचारलं. टपरीवर मी जे बोलले ते त्यांनी घरी सांगितलं होतं का?

भाभींनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "सांगतलं. लागलं त्याईले. त्या दिवशी जेवले नाही, मी कितीक म्हटलं तरी. दुसऱ्या दिवशी म्हणे, बाई बोलायले चुकली, मुद्दा चुकला नाही. ज्याचं काही जात नाही त्यानं दुसऱ्याच्या वावरातून दान करू नये, असं म्हणायचं होतं तिले. अन् तिथूनच सुरू केलं."

मी तिथे खूप रडले. भाभींनी रडू दिलं. मग त्यांनी चहा केला आणि मी तो प्यायले.

तुम्ही माझा अपमान उचलून घरी नेलात, आणि त्यातून मुद्दा काढून तो माझ्यासाठी धुऊनपुसून ठेवलात. असं माझ्याबाबतीत आजवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही, आणि पुढे कुणी करील असं वाटत नाही. पण एवढ्यावर मी तुम्हाला सोडणार नाही, सर. तुम्ही चुकलात. माझा मुद्दाही चुकलाच होता. काल वावरात गेले होते. तूर निघाली आहे, रेघ नव्यानं मारली आहे, मुरूम अजून पडायचा आहे, पण वाट चालू झाली. सकाळी आठ वाजता त्या वाटेनं सगळ्यात आधी आल्या त्या हरभरा सोंगायला जाणाऱ्या नऊ बाया, डोक्यावर भाकरीची फडकी घेऊन. त्यांतल्या एकीच्याही नावावर गुंठाभर जमीन नाही. या रस्त्यावर वर्षभर सगळ्यात जास्त पाय त्यांचेच पडणार आहेत. ज्याच्याजवळ धुरा नाही, धुऱ्यावरून रोज त्यालाच चालावं लागतं, म्हणून बोलायचा पहिला हक्क त्याचा. तुमचा होता.

तेव्हा ते वाक्य मी मागे घेते, आणि तुम्ही त्यातून काढलेला मुद्दाही मागे घेते.

यावर तुमच्याकडे उत्तर असणारच. काल धुऱ्यावर उभी राहून मी ते स्वतःच शोधत होते, तुमच्या बाजूनं, नियमाप्रमाणे. बराच वेळ शोधलं, मिळालं नाही. म्हणजे शेवटचा शब्द माझा झाला, सर. मला तो नको होता.